सुखदुःखाचे भागीदार

यूनुस मामा जेवायला येणार म्हणून सफूरानं सकाळीच अखनीसाठी मटण मुरवत ठेवलं, आणि मग दिवसभर तिला वाटत राहिलं की आपण कुणाला तरी लाच द्यायला निघालोय. मामांना अखनीचा भात आवडतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आज हात जरा जास्तच मनापासून चालत होता, दालचिनी दोनदा पडली, आणि शेवटी तिनं स्वतःलाच झापलं. मामांची सही भाताच्या ताटावर मिळणारी असती तर इद्रीसभाई लंडनहून स्वतः कशाला आला असता?

इद्रीस आदल्या संध्याकाळीच येऊन पुढच्या खोलीत बसला होता. बसला म्हणजे फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. पाच वर्षांपूर्वी बँकेतली लठ्ठ पगाराची नोकरी सोडून त्यानं 'शिरकत होम्स' काढली, शिरकत म्हणजे भागीदारी, बिनव्याजी घरांची कंपनी. तेव्हा गोरे लोक गालातल्या गालात हसायचे. पण मागच्या वर्षी त्यांच्याच बँका धडाधड कोसळल्या आणि बिनव्याजी हा शब्द त्यांना एकाएकी गोड लागायला लागला. इद्रीसला मोठमोठ्या हॉटेलांत भाषणाला बोलावणी येऊ लागली. इस्लामी पैशाचं पश्चिमेतलं माहेरघर म्हणजे लंडन, असं तो टाय सावरत सांगायचा आणि मंत्री माना डोलवायचे. बोलायला लागला की समोरच्याला आपण अडाणी असल्यासारखं वाटायचं, आणि त्याचं वाईटही वाटायचं नाही. ही त्याची लहानपणापासूनची करामत.

हे घर शिरकतचं पहिलं घर. कंपनी आणि सफूरा-हारून यांनी मिळून घेतलेलं. तीन वाट्यांतला एक यांचा, दोन कंपनीचे. कंपनीच्या वाट्याचं भाडं भरायचं आणि दरवर्षी त्यातला थोडा थोडा तुकडा विकत घेत जायचं, होता होता सगळं घर आपलं. व्याजाचं नाव नाही. घर ताब्यात आलं त्या दिवशी इद्रीसनं बहीण आणि मेव्हण्याला पिवळ्या दारासमोर उभं करून फोटो काढला होता. तोच फोटो पुढे साऱ्या बोल्टन गावभर लागला, खाली मोठ्या अक्षरांत, 'सुखदुःखाचे भागीदार'.

त्यातलं एक पोस्टर डर्बी स्ट्रीटच्या बसथांब्यावर अजून होतं. ऑक्टोबरात पलंगांचा कारखाना बंद पडला, हारून घरी बसला, आणि तेव्हापासून तो त्या थांब्यावर बसची वाट बघत नसे. पावसात पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचा. सफूराला हे माहीत होतं. तिनं कधी विचारलं नाही.

भाडं थकलं तसं कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीतून कळवण्यात आलं की भागीदारी संपवावी लागेल. इद्रीसच्या कानावर ते नंतर गेलं म्हणे. तसं त्यानं शपथेवर सांगितलं, आणि अम्मांनी ते मान्य केलं. आपल्या मुलाबद्दल त्या काहीही मान्य करत. मुलगा लंडनला असूनही त्या लेकीकडे राहत, तरी उठताबसता गुणगान मुलाचंच चाले.

मामा दुपारची नमाज पढून आले. सवयीप्रमाणे दारात जोडे काढले, एक इकडे, एक तिकडे. मदरशात तीस वर्षं पोरं शिकवलेला माणूस, पण जोडे कधी नीट काढले नाहीत. मामा निघायला उठले की सफूरा आधी जाऊन ते सरळ करून, दाराकडे तोंड करून ठेवायची. लहानपणी त्यांच्याकडे कुराण शिकायला जायची तेव्हापासूनचं हे तिचं काम, आणि दुसऱ्या कुणी केलेलं तिला खपत नसे.

जेवताना कुणी विषय काढला नाही. अम्मा आपल्या भावाच्या ताटात भात वाढत राहिल्या, मामा नको नको म्हणत खात राहिले, हारून खाली मान घालून बोटं चाटत होता. सफूराची बिलकीस दहावीच्या परीक्षेचं पुस्तक काखेत मारून पटापट जेवली आणि वर गेली. मग चहा आला, आणि इद्रीसनं कागद काढून मामांसमोर ठेवला.

तो काय म्हणाला ते सगळं लिहायचं तर पुष्कळ होईल. थोडक्यात असं: लंडनच्या 'सिटी' या बँकांच्या पेठेतली एक बडी बँक शिरकतमध्ये पैसा ओतायला तयार झाली होती, सोमवारी मोठा समारंभ होता. बँकेची अट एकच. कंपनीचे कागद आहेत तसेच शरीयतला धरून आहेत, असं आलिमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या मंडळानं नव्यानं लिहून द्यावं. बहरीनच्या आलिमांची सही झाली होती, क्वालालंपूरच्यांची झाली होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणून मामांची तेवढी राहिली होती.

मामांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला.

"कागद आहेत तसेच," ते म्हणाले. "घोडं तिथंच पेंड खातंय, इद्रीस."

गेला महिनाभर यूनुस मामांना झोप नव्हती. हारून एकदा मशिदीच्या पायरीवर त्यांच्याजवळ बसून सहज म्हणाला होता, मामा, घराच्या किमती पडल्यात, आता घर विकलं तर आमच्या हाती काही राहत नाही. मामा म्हणाले, असं कसं, भागीदारी आहे ना, तोटा दोघांत वाट्याप्रमाणे जाईल, हे मी बारा वर्षांच्या पोरांना शिकवतो. हारून म्हणाला, तसं नाही, आम्ही वचन लिहून दिलंय. भाडं भरता आलं नाही तर कंपनीचा वाटा आम्ही मूळ किमतीला विकत घ्यायचा, बाजारात किंमत काही असो. म्हणजे घर विकून कंपनीचे पैसे आधी पूर्ण निघणार आणि तोटा सगळा आमच्या वाट्यातून जाणार. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ते वचनही त्यांनीच मंजूर केलेलं होतं.

ते आता त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज चढवला नाही. "भागीदारीचा कागद तू मला रमजानआधी दाखवलास. उत्तम होता. वचनाचा कागद ईदनंतर दाखवलास. माणसानं वचन द्यावं, त्यात वाईट काय? दूध चांगलं, लिंबूही चांगलं. एका भांड्यात पडल्यावर काय होतं ते मी बघितलंच नाही. चूक माझी आहे. पण आता दिसल्यावर पुन्हा सही कशी करू?"

इद्रीस शांत होता, कारण हे येणार याची त्याला कल्पना होती. त्यानं समजावलं की आखातात असंच चालतं, मलेशियात असंच चालतं. इथल्या बँकेला तोट्यात वाटा घ्या म्हटलं तर ती दारातही उभी करत नाही, तो दारोदार फिरून आलाय. तिला तिचे पैसे ठरल्यासारखे परत हवेत. त्याशिवाय या देशात एक वीटही बिनव्याजी मिळणार नाही.

"मग व्याजात आणि ह्यात फरक काय राहिला, तेवढं मला सांग. पोरं विचारतील."

"फरक एवढाच की आपण आत शिरलोय, मामा. बाहेर राहून अब्बांनी काय मिळवलं?"



इद्रीसच्या बोलण्यातलं खोटं काय आणि खरं काय हे कुणाला वेगळं काढता आलं नसतं. पण अब्बांबद्दल तो खोटं बोलत नव्हता. अब्बा गिरणीत रात्रपाळी करत आणि व्याज नको म्हणून जन्मभर भाड्याच्या घरात राहिले. इद्रीस आठ वर्षांचा असताना घरमालक हॅलमनं त्यांना घराबाहेर काढलं. पडदे हॅलमचे होते, म्हणून त्याच्या माणसांनी सगळ्यात आधी पडदे उतरवले. मग सामान फुटपाथवर जाईपर्यंत सारी गल्ली खिडकीतून आत बघत होती. शाळेतली पोरं काचेला नाक लावून उभी होती, त्यात इद्रीसच्या वर्गातलीही होती. अम्मा खिडकीकडे पाठ करून जमिनीवर बसून राहिल्या होत्या, सफूरा मांडीवर. आपल्या माणसांचं सामान पुन्हा कधी फुटपाथवर येऊ द्यायचं नाही, हे इद्रीसनं त्या दिवशी ठरवलं. त्याचं शिक्षण, नोकरी, टाय, भाषणं, सगळं त्यातून आलेलं. आणि आज तो बहिणीच्या घरात तिचाच चहा पीत तिच्या घराचा सौदा करत होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच तो इतका शांतपणे बोलत होता.

त्यानं सरळच सांगितलं. मामांनी सही केली तर सोमवारी बँक येईल, आणि आल्या आल्या तो सफूराचं थकलेलं सगळं स्वतःच्या खिशातून भरेल, कुणाला कळणारही नाही. सही झाली नाही तर बँक जाईल, कंपनी बुडेल, त्याचं स्वतःचं लंडनचं घरही त्यात अडकलंय ते जाईल, आणि शिरकतची सगळी घरं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जातील. त्यात पहिलं हे.

"आणि एक लक्षात असू द्या, मामा. मदरशाचं छप्पर पावसात गळत होतं, ते कुणाच्या पैशानं झालं?"

"इद्रीस," अम्मा म्हणाल्या. पण रागावून नव्हे. अजून त्या त्याच्याच बाजूच्या होत्या.

मामा हात धुण्याच्या निमित्तानं उठून स्वयंपाकघरात आले. सफूरा तिथं पातेलं घासत उभी होती. तिनं नळ बंद केला, दार लोटून घेतलं. महिनाभर ती मामांच्या बाजूची होती. भाईनं आम्हाला फसवलं, मामांनी त्याला खडसावलं पाहिजे, असं हारूनजवळ रोज म्हणायची. आता तिनं ओल्या हातांनी मामांची बाही धरली.

"मामा, सही करा."

मामांनी तिच्याकडे बघितलं.

"मला शरीयत कळत नाही असं नाही. तुम्हीच शिकवलीत. पण बिलकीसचं दहावीचं वर्ष आहे. अम्मा चौऱ्याहत्तरच्या, त्यांना मी परत कुठल्या कोंदट खोलीत नेऊ? हारून रात्री उठून जिन्यात बसतो. तुमच्या एका सहीत सगळं मिटतंय. गुनाह असेल तर माझ्या नावावर लिहा."

"असं कुणाचं कुणाच्या नावावर लिहिलं जात नाही, बेटा."

"मग आमच्या नावावर हे कसं लिहिलं गेलं?"

मामांनी न धुतलेले हात टॉवेलला पुसले. ही पोर त्यांच्या स्वतःच्या मुलीसारखी. हॅलमनं काढलं तेव्हा अडीच महिने त्यांच्याच घरात होती, त्यांच्याच पोटावर झोपायची. सही करावी, असं त्यांच्या मनानं तिथंच घेतलं. एक कलम तर नवं घालून घेता येईल, ते स्वतःला म्हणाले. पुढच्या घरांसाठी तरी.

बाहेर येऊन ते कोचावर बसले आणि खिशातून पेन काढलं. सफूरा दाराशी उभी राहिली.

"मी सही करतो," मामा म्हणाले. "पण आजपासून पुढे वचनाचा कागद बदलायचा. तोटा झाला तर वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचा. बँकेला तू हे मान्य करायला लावशील?"

"इन्शाअल्ला," इद्रीस म्हणाला.

लगेच म्हणाला. तिथंच घात झाला. आपल्या लोकांत इन्शाअल्ला किती तऱ्हांनी म्हटलं जातं हे आपल्याला सांगायला नको. नळ दुरुस्त करणारा उद्या येतो म्हणताना म्हणतो तसं ते आलं.

अम्मांचा चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला. "इन्शाअल्ला नको," त्या म्हणाल्या. "अल्लाला मध्ये घालू नकोस. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"अम्मा, असं नसतं ते. बोलणी करावी लागतात."

"हो का नाही?"

इद्रीसनं आईकडे बघितलं. एवढी वर्षं हॉटेलांतल्या सभांत त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. समोर पेन उघडं होतं, एक शब्द पुरला असता. तो बराच वेळ टायशी चाळा करत राहिला.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "ते कधीच मानणार नाहीत."

अम्मांनी कप खाली ठेवला. "हॅलमनं तुझ्या बापाला घराबाहेर काढलं. वाईट माणूस होता. पण तो निदान स्वतःला आमचा भागीदार म्हणवत नव्हता."

इद्रीसचा चेहरा उतरला. आईचा हात पाठीवरून निघाला हे त्याला तेव्हाच कळलं. पण मामांचं पेन अजून उघडंच होतं. सफूरासाठी ते अजूनही सही करणार होते, इद्रीस खरं बोलला तरी. हे सफूरानं ओळखलं.

तेवढ्यात हारून बोलला. दुपारभरात पहिल्यांदाच.

"भाई, झुबेदाबेनच्या घराचा कागदही हाच का?"

झुबेदाबेन मागच्या गल्लीतल्या. नवरा गेल्यावर शिवणकाम करून राहत होत्या. इद्रीस म्हणाला, सगळ्यांचा हाच.

"त्यांना मी आणलं. शौकतला मी आणलं, त्याच्या भावाला मी आणलं. मशिदीतली डझनभर घरं तरी मी आणली. ते पोस्टर बघून कुणी आलं नाही, भाई. माझ्याकडे बघून आले. मी सांगितलं, बिनधास्त घ्या, तोटा झाला तर कंपनी आपल्याबरोबर आहे, भागीदारच आहे ती." तो थांबला. "माझं तुम्ही भरणार. त्यांचं कोण भरणार?"

इद्रीसनं पुन्हा टायला हात लावला.

"मग माझंही भरू नका."

लग्नाला अठरा वर्षं झाली, पडद्याचा रंगसुद्धा या माणसानं सफूराला विचारल्याशिवाय ठरवला नव्हता.

"मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर हिंमत झाली नसती." हारूननं तिच्याकडे बघायचं टाळलं.

मामांनी पेनाला टोपण लावलं. कागद घडी न करता इद्रीससमोर सरकवला. म्हणाले की ते सही करणार नाहीत, आणि आधी केलेली होती तीही परत घेतात. सोमवारी बहरीनला आणि क्वालालंपूरला तसं स्वतः कळवतील. मदरशात पोरांनाही सांगतील.

"म्हणजे तुमचं नाव स्वच्छ," इद्रीस म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "घरं मात्र कुठल्या तरी बँकेकडे जातील. तेही व्याज घेणाऱ्या. त्यांच्याकडे माझ्यासारखा थांबवून धरणारा कुणी नसेल."

"ठाऊक आहे."

"सफूराचं पहिलं जाईल."

"ठाऊक आहे रे. आणि नाव काही स्वच्छ राहत नाही. पाच वर्षं मळलेलंच होतं. आता लोकांना दिसेल, एवढंच."

सफूरा वळून स्वयंपाकघरात गेली. आतून पातेलं घासल्याचा आवाज यायला लागला. मघाशीच घासून झालेलं पातेलं ती पुन्हा घासत होती.

मामा उठले. बहिणीच्या डोक्याला डोकं टेकवलं, हारूनच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेरच्या बोळकांडीत आले. जोडे जिथं काढले तिथंच होते, एक इकडे, एक तिकडे. ते क्षणभर थांबले. मुद्दाम नाही, इतक्या वर्षांची सवय. आतला पातेल्याचा आवाज थांबला. त्यांना वाटलं, येतेय. पण नळ सुरू झाला.

मग ते भिंतीला धरून वाकायला लागले. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नसे. मागून इद्रीस आला. लंडनचा सूट घातलेला तो उकिडवा बसला, दोन्ही जोडे उचलले आणि मामांच्या पायांसमोर सरळ ठेवले. मामा काही बोलणार होते. पण तो उठला आणि कोट न घेताच पावसात गाडीकडे गेला. गाडीत बसून राहिला. बराच वेळ गाडी सुरू झाली नाही.

हारून मामांना सोडायला गेला. डर्बी स्ट्रीटच्या थांब्यावरूनच जायचं होतं, आणि आज तो पुढच्या थांब्यापर्यंत चालला नाही. मामांना चालवत नव्हतं. दोघं तिथंच पोस्टरखाली बसची वाट बघत उभे राहिले. थांब्यावरची एक बाई एकदा हारूनकडे, एकदा पोस्टरकडे बघत होती.

इकडे घरात चार वाजून गेले तसा अंधार पडायला लागला. सफूरा बाहेरच्या खोलीत येऊन अम्मांच्या शेजारी बसली. वर बिलकीस मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती.

"तिची परीक्षा कधी संपते?" अम्मांनी विचारलं.

"जूनमध्ये."

"तोवर राहू देतील?"

"माहीत नाही."

अम्मांनी मान हलवली. मुलाची गाडी अजून रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी तिकडे एकदा बघितलं आणि मग खिडकीकडे पाठ करून बसल्या.

"या वेळी पडदे शेवटी काढायचे," त्या म्हणाल्या. "आधी सगळं सामान बाहेर काढ. मग पडदे."

सफूरा उठली, खिडकीपाशी गेली आणि दिवा लावायच्या आधी तिनं पडदे ओढून घेतले.